बारापात्रेंनी बंद न केलेला कॉम्प्युटर

कारखान्यातले किस्से म्हणजे स्टोअरच्या मागे पडलेला माल. कोणी मागवलेला नसतो, कोणी उचलून नेत नाही, आणि राइट-ऑफ करायला गेलं की कोणीतरी म्हणतं, राहू द्या, कधी लागेल सांगता येत नाही. सोनागिरीत, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याजवळच्या वस्तीत, आम्ही रिटायर झालेली पाच-सहा मराठी मंडळी संध्याकाळी फिरायला निघतो. फिरणं दहा मिनिटं, बाकावर बसणं दीड तास. तिथे हा माल निघतो.

माझे मिस्टर म्हणतात, "तू एक गोष्ट सरळ सांगत नाहीस, तुकडे करून सांगतेस." सांगते. मला मध्ये कोणी टोकलेलं खपत नाही हे त्यांना लग्नापासून माहीत आहे.

*

मी कॉम्प्युटर विभागात होते. एकदा वरून हुकूम आला की शॉपमधले सगळे कॉम्प्युटर नव्या सिस्टिमवर न्या. शॉप म्हणजे आमच्याकडे दुकान नव्हे, कारखान्याची शेड. असे बासष्ट कॉम्प्युटर होते.

आता एवढं समजून घ्या, पुढे लागेल. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये सिस्टिम पहिल्यांदा टाकली की ती त्याला एक लांबलचक नंबर देते. तो त्याला कायमचा, आपल्या कामगाराच्या टोकन नंबरसारखा. दुसरा एक नंबर असतो, तो कॉम्प्युटर चालू केला की नवा मिळतो आणि बंद केला की संपला. तो गेटपास समजा. मी एक छोटासा प्रोग्राम लिहिला होता. कॉम्प्युटर चालू झाला की त्याने आपले हे दोन्ही नंबर आमच्या सर्व्हरला कळवायचे. मतलब, घरबसल्या हजेरी.

एकेका कॉम्प्युटरवर सिस्टिम टाकायला अर्धा दिवस लागायचा. माझा सहकारी त्रिपाठी मोठा हुशार माणूस, आणि हुशार माणसाइतकाच आळशी. तो म्हणाला, एक कॉम्प्युटर नीट तयार करू आणि त्याची डिस्क बाकीच्या एकसष्टांवर जशीच्या तशी उतरवू. मला कल्पना आवडली. आठवड्यात काम फत्ते केलं, समोसे मागवले.

मोठ्या साहेबांसमोर हजेरीपट उघडला तर पूर्ण कारखान्यात कॉम्प्युटर एक! डिस्कबरोबर टोकन नंबरही उतरला होता. बासष्ट जणांच्या गळ्यात एकच बिल्ला. आम्ही दोघं जमिनीकडे बघत उभे.

साहेबांनी चष्मा काढला. "एक कंप्यूटर, और एक साथ बासठ जगह काम कर रहा है? मैडम, इसका प्रमोशन कराइए. मेरे पास तो ऐसा आदमी एक भी नहीं है."

*

मग आली शिक्षा. शॉप शॉप फिरून प्रत्येक कॉम्प्युटरला नवा टोकन नंबर द्यायचा, एकदा बंद करून चालू करायचा, की झालं. आमच्या मागोमाग स्टोअरचे तिवारीजी पांढऱ्या पेंटचा डबा घेऊन फिरायचे. सरकारी खुर्ची असो, कपाट असो, तिच्यावर नंबर रंगवल्याशिवाय ती सरकारची होत नाही, हा त्यांचा धर्म.

स्क्रीनवर दोन नंबर दिसायचे, वर टोकन, खाली गेटपास. तिवारीजींनी खालचा धरला. का, तर तो पेंट करताना वाचायला जवळ पडतो. बत्तीस अक्षरं, बारीक ब्रशने, एकही न चुकता. पहिल्याच शॉपच्या ऑफिसातले नऊ कॉम्प्युटर त्यांनी दोन दिवसांत सजवले.

तिसऱ्या दिवशी पडताळणीला आले तर एकाही कॉम्प्युटरचा नंबर जुळेना. कॉम्प्युटर रोज सकाळी चालू होणार, रोज नवा गेटपास. तिवारीजींनी निमूटपणे खरवडून पुन्हा रंगवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्यांदा रंगवून झाल्यावर ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मैडम, बुरा मत मानिए, पर इन मशीनों की नीयत ठीक नहीं है."

मला हसू आवरेना आणि त्यांना राग आवरेना. शेवटी मी चहा पाजून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण माझ्या कॉम्प्युटरकडे ते नंतर नेहमी संशयानेच बघायचे.

*

ह्या फेरीत एक जागा राहून गेली. मोटार शॉपचा टेस्ट बे. मोटार म्हणजे गाडी नव्हे, विजेची मोटार; नवी मोठी तयार झाली की तिला तिथे सलग दोन दिवस पळवून तापवायची, आणि तापमान दर मिनिटाला कॉम्प्युटरमध्ये उतरायचं. मी गेले तेव्हा टेस्ट चालू होती. तिथले फोरमन बारापात्रे म्हणाले, मध्येच बंद-चालू जमणार नाही, नंतर या. मी नंतर गेले नाही. तेवढा एक कॉम्प्युटर राहिला तर काय बिघडतंय, असं मनात म्हटलं.

बारापात्रे वर्ध्याकडचे. ऑफिसात मला मॅडम, बाहेर ताई. ह्या माणसाला चालू असलेली वस्तू बघवायची नाही. रिकाम्या खोलीत पंखा दिसला, बंद. नळ टपकतोय, बंद. सकाळी ड्युटीवर येताना टाउनशिपच्या रस्त्यावरचे दिवे जळत असले तर सायकल उभी करून, खांबावरची पेटी उघडून, बंद. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी उठताना हात आपसूक बटणाकडे जायचा. माझ्या सासूबाई एकदा अंधारात वाढत राहिल्या होत्या.

एका वर्षी टाउनशिपच्या गणपतीत पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. पाऊण तास झाला, माणूस थांबेना. बारापात्रे अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसले होते. त्यांनी त्याला हात लावून बघितला, गरम लागला, बंद केला. पाहुणे दोन वाक्यं तसेच बोलले आणि बसले. मंडपात जोरदार टाळ्या पडल्या. त्या भाषणाला होत्या की बारापात्रेंना, ह्यावर आमच्या बाकावर अजून एकमत नाही.

*

आता हसण्याचं संपलं.

एका मोटारीची टेस्ट झाली, गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर आला, त्याने तापमानाचा तक्ता मागितला. त्यात टेस्टच्या दुसऱ्या दिवशी दुपारची चाळीस मिनिटं कोरी. त्याने मोटार नाकारली. पुन्हा पळवा, म्हणाला. डिस्पॅच लांबला, वरून ओरड सुरू झाली, आणि ओरड सुरू झाली की नाव लागतं. नाव शोधायला कोणाला दोन मिनिटं लागली नाहीत. त्या दुपारी ड्युटीवर बारापात्रे. बंद करायची सवय कोणाला? बारापात्रेंना. त्यांच्या हातात मेमो पडला: ड्युटीवर असताना रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर बंद केला. तीन जणांची समिती बसली.

रिटायरमेंटला तीन महिने उरले होते. छत्तीस वर्षांत त्या माणसाच्या फायलीत एक वाकडा शब्द नव्हता. आता जाताना चौकशीचा डाग घेऊन जायचं. निरोपसमारंभात लोक हार घालणार आणि मागे बोलणार.

मी त्यांच्या घरी गेले. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "घरातला टीव्ही मी बघत असताना बंद करते हा माणूस, ताई. विचारलं त हो म्हणते, लपवत नाही. मंग ह्या एकाच वेळी काहून लपवन?"

बारापात्रे खुर्चीत बसून होते. खोलीत पंखा आणि दिवा दोन्ही चालू होते, त्यांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "ताई, हज्जार गोष्टी बंद केल्या मी. हे नाही केली."

*

दुसऱ्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये आले. मी म्हटलं, सोपं आहे, कॉम्प्युटर कधी बंद झाला, कधी चालू झाला ते तो स्वतःच लिहून ठेवतो. समितीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, तो कॉम्प्युटर बारापात्रेंच्या ताब्यात, पासवर्ड त्यांचा, वर त्याच्या घड्याळाची बॅटरी गेलेली, वेळ हाताने लावतात. आरोपीच्या घरचा साक्षीदार चालणार नाही. बाहेरचा आणा.

बाहेरचा साक्षीदार म्हणजे आमचा सर्व्हर. त्याला बारापात्रे हात लावू शकत नव्हते. तिथे प्रत्येक गेटपासची तारीख-वेळेसकट नोंद होती. मी यादी उघडली. शेकडो गेटपास, आणि जवळजवळ सगळ्यांपुढे तोच एक टोकन नंबर, कारण टेस्टच्या त्या दिवसांत आमची फेरी जेमतेम सुरू झाली होती. बासष्ट जणांचा एक बिल्ला! ह्यातला टेस्ट बेचा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी आणि त्रिपाठीने आळस केला होता, समोसे खाल्ले होते, आणि नंतर टेस्ट बेला परत जायचा कंटाळाही मीच केला होता. माझ्या कंटाळ्यात एका भल्या माणसाची अब्रू अडकली होती. मी बारापात्रेंना ते तसंच सांगितलं. ते उठायला लागले.

त्रिपाठी खिडकीपाशी उभा होता. तो वळून म्हणाला, "मैडम, वो मशीन अभी भी चालू है क्या?"

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. कॉम्प्युटर तेव्हापासून बंदच झाला नसेल तर त्याचा गेटपास अजून त्याच्या खिशात आहे. तो वाचायचा आणि यादीत शोधायचा. टोकन कोणाचंही असो, गेटपास दोघांना एकच कधी मिळत नाही. यादीत त्याची तारीख टेस्टच्या आधीची निघाली, तर मध्ये कॉम्प्युटर बंद झालेलाच नाही. झालं, सुटलो!

बारापात्रेंनी घड्याळाकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्या मोटारीच्या आधी आणि नंतरही एकीपाठोपाठ एक मोटारी टेस्टला लागल्या होत्या म्हणून कॉम्प्युटर चालूच होता. त्यातली शेवटची टेस्ट आज पाच वाजता संपणार होती. आणि टेस्ट संपली की पहिल्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद करायचा, ही शिस्त त्यांनीच आपल्या असिस्टंटला वर्षानुवर्षं लावली होती. पाचला सात मिनिटं कमी होती.

टेस्ट बेमध्ये फोन वाजलेला मोटारीच्या आवाजात ऐकू येत नाही. साठीला टेकलेला माणूस, सायकलवर टांग मारून जो सुटला तो मेन रोडवरून सिक्युरिटीच्या शिट्ट्या ऐकत सरळ शॉपमध्ये. मी आणि त्रिपाठी स्कूटरवरून पोचलो तेव्हा असिस्टंट माउस सोडून दोन्ही हात कानांपाशी नेऊन उभा होता, आणि बारापात्रे धापा टाकत स्क्रीनच्या पुढ्यात उभे होते. गाडीसमोर माणूस आडवा होतो तसे.

*

गेटपास वाचला. ऑफिसात येऊन यादीत शोधला. सापडला. टेस्ट सुरू व्हायच्या नऊ दिवस आधीचा! मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

त्रिपाठी मात्र शहाणा. तो म्हणाला, तुम्ही मराठी, बारापात्रे मराठी, तुमच्या कागदावर कोण विश्वास ठेवेल? यादी आजच छापून, सीलबंद करून समितीकडे देऊ. आणि मशीनमधला नंबर समितीने स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे.

यादी त्याच दिवशी गेली. पण समितीचे अध्यक्ष सक्सेना साहेब दौऱ्यावर. बैठक अकरा दिवसांनी. तोवर तो कॉम्प्युटर एक क्षणभरही बंद होता कामा नये. आणि त्याची राखण कोणी करायची, तर बारापात्रेंनी.

त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, "इसे बंद न करें", आणि खाली सही केली, बारापात्रे. ही बातमी टाउनशिपभर झाली. दुसऱ्या शॉपमधले लोक जेवणाच्या सुट्टीत पाटीबरोबर फोटो काढायला येऊ लागले. बारापात्रे कोणावर चिडले नाहीत, फक्त वायरला पाय लावू नका म्हणायचे. चौथ्या दिवशी शॉपची लाइट गेली. कॉम्प्युटरला यूपीएसची बॅटरी होती, पण ती वीस मिनिटांची. सतराव्या मिनिटाला लाइट आली. बारापात्रेंनी मला फोन केला आणि एवढंच म्हणाले, "आली." मी म्हटलं, कळलं, ठेवा.

वहिनींनी मला बाजारात गाठून तक्रार केली, की आजकाल न्हाणीघरातला दिवा रोज ह्यांचा चालू राहतो, बंद करायला मलेच उठा लागते.

*

आणि नवव्या दिवशी विश्वकर्मा पूजा.

आमच्या कारखान्यात दिवाळी एकवेळ साधी होईल, विश्वकर्मा नाही. त्या दिवशी प्रत्येक शॉप धुऊन काढायचं, मशीनला हळद-कुंकू, फुलं. पूजेआधी शॉपमधला सर्वांत जुना माणूस मेन स्विच खाली ओढतो. सगळी मशिनरी शांत होते. वर्षभर राबणाऱ्या मशीनचा तो एक दिवस विसाव्याचा. मोटार शॉपमध्ये हा मान बारापात्रेंचा होता, आणि त्यांचा हा शेवटचा विश्वकर्मा होता.

मेन ओढला की टेस्ट बे गेला. पूजा दीड तासाची, बॅटरी वीस मिनिटांची.

आदल्या दिवशी मी आणि त्रिपाठीने शेजारच्या कँटीनच्या वेगळ्या लाइनवरून एक केबल आणून दिली. पण पूजेला पंडितजींनी विचारलं, सगळं बंद झालं का? असिस्टंटच्या तोंडून निघून गेलं की एक चालू आहे. पंडितजी म्हणाले, मग पूजा लागणार नाही, एक मशीन राबत असेल तर देवाला आमंत्रण कसलं. शॉपमधले दीडशे लोक बारापात्रेंकडे बघायला लागले. त्यातले काही जुने कामगार खरोखर नाराज होते. काळजी काय फक्त बारापात्रेंनाच आहे, आम्हाला वर्षभर ह्याच मशीनमध्ये हात घालायचे आहेत, असं एकजण बोललाही.

बारापात्रे हात जोडून पुढे आले. म्हणाले, टेस्ट बे सोडून बाकी शॉपची पूजा करा, टेस्ट बेची पूजा ह्या वर्षी बाकी राहील, त्याचं जे काय पाप असेल ते माझं. मेन ओढायचा मानही मी आज घेत नाही. आणि त्यांनी आपल्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या मिस्त्रीला पुढे केलं. मेन खाली आला. शॉप शांत झालं. त्या शांततेत टेस्ट बेच्या कॉम्प्युटरचा तेवढा पंखा घुर्र घुर्र ऐकू येत होता, आणि बारापात्रे मान खाली घालून तो ऐकत उभे होते. आरतीला ते आले नाहीत. मी प्रसाद नेऊन दिला, तो त्यांनी घेतला.

*

अकराव्या दिवशी समिती आली. सक्सेना साहेब, व्हिजिलन्सचे एक जण आणि सेक्रेटरी. बारापात्रेंना कीबोर्डपासून चार पावलं दूर उभं केलं. त्रिपाठीने एक ओळ टाइप केली, स्क्रीनवर नंबर आला. सेक्रेटरींनी तो कागदावर उतरवला. मग सक्सेना साहेबांनी आमच्या पाकिटाचं सील फोडलं.

यादी लांब होती. व्हिजिलन्सचे साहेब पट्टी ठेवून एकेक ओळ खाली येत होते. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मला नंबर कुठे आहे ते माहीत होतं, तरी मी पट्टीबरोबर एकेक ओळ मोजत होते. चौथ्या पानावर पट्टी थांबली. एकाने स्क्रीनवरून वाचायचं, दुसऱ्याने कागदावरून, असं बत्तीस अक्षरं दोनदा वाचून झाली. मग शेजारची तारीख वाचली. मग टेस्टची तारीख काढून तिच्या बाजूला ठेवली.

सक्सेना साहेबांनी त्रिपाठीला विचारलं, मध्ये एकदा जरी बंद झाला असता तर? त्रिपाठी म्हणाला, तर हा नंबर आज इथे नसता.

मग चाळीस मिनिटं कोरी कशी राहिली ते बघायला साहेबांनी तापमान मोजून कॉम्प्युटरला पाठवणारा डबा तपासणीला पाठवायला सांगितलं. तिथेच वर्कबेंचवर कागद ठेवून तिघांनी सह्या केल्या. मग ते बारापात्रेंकडे वळले. "बारापात्रे जी, मशीन बंद नहीं हुई थी. आप पर कोई बात नहीं है. मेमो वापस."

मी मोटारीकडे तोंड करून उभी राहिले. त्रिपाठी उगाचच केबल गुंडाळायला लागला. असिस्टंटने बारापात्रेंच्या पाठीवर हात ठेवला. ते जागचे हलले नव्हते. चष्मा काढून शर्टाला पुसत होते, परत घालत होते, परत काढत होते. समितीने कागद गोळा केले आणि ती निघाली.

तिघं दरवाज्यापर्यंत पोचले असतील. बारापात्रे दोन पावलं पुढे आले.

"साहब," ते म्हणाले, "अब बंद कर दूँ?"